एका कडीवर तोललेले वीस टन : द्रवदाबाच्या यंत्रांना कोणते सील बसवावे, या प्रश्नाचा इतिहास

१/
डोंगर फोडणाऱ्या पोकलेनची भुजा संध्याकाळी हवेत उभी ठेवली आणि सकाळी ती जमिनीला टेकलेली आढळली, तर इंजिनाला दोष देण्याचे कारण नसते. संशय जातो तो झडपेवर किंवा सिलिंडरात दडलेल्या एका कडीवर. त्या कडीला सील म्हणतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर २५० बार दाबाचे तेल सोडले की सुमारे वीस टनांचे बल निर्माण होते. ते सारे बल अडवून धरते ती काही मिलिमीटर जाडीची, बोटांनी वाकवता येणारी वस्तू.

२/
ती झिजली की प्रश्न उभा राहतो : तिच्या जागी काय बसवायचे? यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच सील, की बाजारातील दुसऱ्या कोणाचे? आणि दुसऱ्याचे असेल तर ते चालेल हे ओळखायचे कसे? हा प्रश्न आजच्या कार्यशाळांतला वाटतो. प्रत्यक्षात तो सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या उत्तरात चामड्याचे कारखाने आहेत, एक महायुद्ध आहे, बेल्जियममधील एक खाण आहे आणि जालना-सोलापूरचे हातपंपही आहेत. धागा लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

३/
प्रारंभ लंडनमध्ये होतो. जोसेफ ब्रामा हा यॉर्कशायरचा शेतकऱ्याचा मुलगा, पेशाने सुतार. कुलुपांसाठी त्याची ख्याती होती. १७९५ मध्ये त्याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व पास्कालचे, दीडशे वर्षे जुने : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. लहान दट्ट्या दाबावा आणि मोठ्या दट्ट्याने हत्तीएवढे ओझे उचलावे. कागदावर सारे निर्दोष होते.

४/
यंत्रात मात्र एक फट होती. दट्ट्या सरकायचा तर त्याच्या आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये थोडी मोकळीक हवी. मोकळीक ठेवली की पाणी तिथूनच उसळे. फट बुजवण्यासाठी भरणी ठासून भरली, तर ती दट्ट्याला इतकी घट्ट आवळे की दाब काढून घेतल्यावरही दट्ट्या खाली उतरेना. सैल ठेवावे तर गळते, घट्ट करावे तर अडते. सीलचे सारे शास्त्र या कात्रीतून सुटण्याचेच शास्त्र आहे.

५/
ब्रामाच्या कार्यशाळेत हेन्री मॉडस्ले नावाचा तरुण होता. १७८९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी तो तिथे आला. त्याने या कात्रीतून वाट काढली, असे परंपरेने मानले जाते. मॉडस्लेच्या हाताखाली पुढे काम केलेल्या जेम्स नॅस्मिथने हे श्रेय त्यालाच दिले आणि सॅम्युअल स्माइल्सच्या चरित्रलेखनातून ती कथा सर्वदूर पोहोचली. श्रेयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. युक्तीबद्दल नाहीत.

६/
युक्ती अशी. चामड्याचे कडे घ्यायचे आणि त्याचा छेद उलट्या यू अक्षरासारखा राहील अशा रीतीने ते वळवायचे. त्याची पोकळी दाबाच्या बाजूला तोंड करून बसवायची. पाणी त्या पोकळीत शिरते आणि यूच्या दोन्ही ओठांना बाहेर ढकलते. एक ओठ दट्ट्याला चिकटतो, दुसरा भिंतीला. दाब वाढला की ओठ आणखी घट्ट बसतो. दाब उतरला की तो आपोआप सैल पडतो आणि दट्ट्या सहज माघारी येतो. म्हणजे जो शत्रू फटीतून पळू पाहत होता, त्यालाच दारावर पहारेकरी नेमले. यापेक्षा चतुर योजना यंत्रविद्येच्या इतिहासात फार थोड्या सापडतील.

७/
मॉडस्लेला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. त्याने वाढ मागितली, ब्रामाने नाकारली, आणि १७९७ मध्ये तो बाहेर पडला. पुढे अचूक स्क्रू कापणाऱ्या लेथसाठी त्याचे नाव अजरामर झाले. चामड्याची कडी मागे राहिली आणि मूकपणे काम करीत राहिली.

८/
१८४९ मध्ये वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सनच्या ब्रिटानिया पुलाचे सुमारे दीड हजार टनांचे लोखंडी नळकांडे जलदाबाच्या यंत्रांनी वर चढवले जात होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका दाबयंत्राच्या सिलिंडरचा तळ फुटला. स्टीफन्सनने नळकांडे वर सरकेल तसतसा खाली आधार रचत जाण्याचा आग्रह धरला होता, म्हणून ते काही इंचच खाली आले. ओतीव लोखंडाने दगा दिला होता.

९/
विल्यम आर्मस्ट्राँगने १८४० च्या दशकात न्यूकॅसलच्या धक्क्यावर जलदाबाची यारी चालवली. लंडनमध्ये १८८३ पासून तर रस्त्यांखालच्या नळांतून दाबाचे पाणी विकले जाऊ लागले. गोदामांच्या याऱ्या, उद्वाहक, नाट्यगृहांचे फिरते रंगमंच त्यावर चालत. ती कंपनी १९७७ पर्यंत टिकली. या सगळ्या पसाऱ्याच्या प्रत्येक सांध्यात चामडे होते.

१०/
चामड्याच्या काळात बदली सीलचा प्रश्न तुलनेने सोपा होता. कमावलेले कातडे भिजवायचे, साच्यात दाबून हव्या त्या आकाराचा पेला किंवा कडे करायचे, वाळवायचे, काठ छाटायचा. मूळ कारखाना दूर असला तरी गावातला कसबी कारागीर ते करू शके. द्रव पाणी, वस्तू चामडे. निवडायचे काय, तर कातड्याचा दर्जा आणि जाडी. मोट वापरणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही यातले मर्म ठाऊक होते : चामडे ओले असेपर्यंत लवचीक, कोरडे पडले की तडकलेच.

११/
विसाव्या शतकाने द्रव बदलला. १९०६ मध्ये अमेरिकी युद्धनौका व्हर्जिनियाच्या तोफा फिरवण्यासाठी पाण्याऐवजी तेल वापरण्यात आले. तेल गोठत नाही, लोखंडाला गंज चढवत नाही, शिवाय पंपाला वंगणही पुरवते. त्यातून दाब वाढवता आला, वेग वाढवता आला. वेगाबरोबर उष्णता आली, आणि तिथे चामड्याने हात टेकले : फार तापले की ते कडक होते, आक्रसते, ओठ उघडा पडतो.

१२/
मग रबर का नाही? रबर होते, भरपूर होते. परंतु झाडाच्या चिकापासूनचे नैसर्गिक रबर आणि खनिज तेल यांचे मुळीच जमत नाही. दोघांचेही रेणू कर्ब आणि हायड्रोजन यांच्या साखळ्यांचे. सजातीय सजातीयाला आत घेतो. तेल रबरात मुरते, रबर फुगते, मऊ पडते आणि खाचेत चिरडले जाते. तेलाच्या यंत्राला तेलाशी वैर करणारे रबर हवे होते आणि ते निसर्गात नव्हते.

१३/
ते प्रयोगशाळेत सापडले, आणि एकदा नव्हे. अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक १९२० च्या दशकात मोटारीच्या रेडिएटरसाठी गोठणरोधक द्रव शोधत होता. हाती आला तो कमालीचा दुर्गंधी, पण तेलाला दाद न देणारा चिकट गोळा. त्याला थायोकोल हे नाव पडले. (हे नाव लक्षात असू द्यावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.) १९३० मध्ये ड्यूपाँट कंपनीत निओप्रीन तयार झाले. जर्मनीत आय. जी. फार्बेनच्या रसायनज्ञांनी ब्युटाडीन आणि अॅक्रिलोनायट्राइल यांच्या संयोगातून १९३४ च्या सुमारास ब्यूना-एन घडवले. हेच आजचे नायट्राइल रबर. सील किटच्या पुडीत दिसणाऱ्या काळ्या कड्यांपैकी बहुतेक याच्याच असतात.

१४/
चामड्याकडून रबराकडे झालेले हे स्थित्यंतर एकाच कारखान्यात पाहायचे असेल तर जर्मनीतील वाइनहाइम गावाकडे पाहावे. फ्रॉयडेनबर्ग ही तिथली १८४९ पासूनची चामडे कमावणारी पेढी. १९२९ च्या मंदीनंतर चामड्याला नवे गिऱ्हाईक शोधताना तिने यंत्रांचे सील करायला घेतले. तिथल्या वाल्टर सिमर या अभियंत्याने फिरत्या दांड्याभोवती बसणारे, लोखंडी कवचातले चामडी सील बनवले. १९३६ मध्ये त्यातले चामडे जाऊन कृत्रिम रबर आले. शिकागोतही असेच घडले. कच्च्या चामड्याच्या नावाने १८७८ मध्ये निघालेली आणि यंत्रांचे पट्टे करणारी तिथली कंपनी पुढे सील बनवणारी म्हणूनच ओळखली गेली. चांभारकीचे ज्ञान वाया गेले नाही, केवळ कच्चा माल बदलला.

१५/
आता नील्स ख्रिस्टेनसन. डेन्मार्कमध्ये जन्मलेला हा यंत्रज्ञ १८९१ मध्ये अमेरिकेस गेला आणि ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकमध्ये त्याने नाव कमावले. १९३३ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, घराच्या तळघरात त्याने एक साधा प्रयोग मांडला : गोल छेदाची रबरी कडी आणि तिच्यासाठी दट्ट्यावर कोरलेली खाच. खाच कडीच्या जाडीच्या सुमारे दीडपट लांब असली, तर कडी खाचेत किंचित लोळते, मळली जाते आणि हजारो फेऱ्यांनंतरही गळत नाही, हे त्याला आढळले. कडी बहुतेकांनी पाहिली होती. खाचेचे माप त्याने शोधले. १९३७ मध्ये त्याने अर्ज केला आणि १९३९ मध्ये ओ-रिंगचे अमेरिकी पेटंट त्याला मिळाले.

१६/
लष्कराच्या हवाईदलाने नॉर्थ्रॉप ए-१७ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेत ती कडी तपासली आणि ती पसंत पडली. तेवढ्यात पर्ल हार्बर झाले. युद्धसामग्रीसाठी अमेरिकी सरकारने महत्त्वाच्या पेटंटांचे हक्क ताब्यात घेतले. ख्रिस्टेनसनच्या हाती पंचाहत्तर हजार डॉलर ठेवले आणि ओ-रिंग सर्व उत्पादकांना खुली झाली. १९५२ मध्ये तो वारला. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९७१ मध्ये वारसांना आणखी एक लाख डॉलर मिळाले. शोधकर्त्याच्या वाट्याला अन्याय आला, हे नाकारता येत नाही.

१७/
तरीही बदली सीलच्या इतिहासात ही घटना पायाभूत ठरते. अनेक कारखाने एकच वस्तू बनवू लागले, तेव्हा मापे एक करणे भाग पडले. अमेरिकी भूदल आणि नौदलाने ओ-रिंगांची समाईक मापे ठरवली. प्रत्येक मापाला अनुक्रमांक मिळाला. त्या परंपरेतली क्रमांकांची यादी आजही जगभर चालते. कडी कोणी बनवली यापेक्षा तिचा क्रमांक काय, हे महत्त्वाचे झाले. मूळ कंपनीवाचून यंत्र दुरुस्त होऊ शकते ही शक्यता खऱ्या अर्थाने इथे जन्मली.

१८/
युद्धानंतर हा सारा अनुभव मातीत उतरला. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्डने १९४५ मध्ये एका भाड्याच्या गॅरेजात काम सुरू केले. १९५३ मध्ये त्याने पुढे फावडे आणि मागे खोदणारी भुजा असलेले यंत्र काढले. फ्रान्समध्ये पोक्लेनने १९५१ मध्ये द्रवदाबावर चालणारे उत्खनन यंत्र आणले, जर्मनीत डेमागने १९५४ मध्ये पूर्ण वर्तुळात फिरणारे. तोवर लोखंडी दोर आणि कप्प्या करीत असलेले काम सिलिंडर करू लागले. मराठीत बॅमफर्डच्या नावाची आद्याक्षरे सामान्यनाम झाली, आणि पोक्लेनची यंत्रे १९७० च्या दशकात लार्सन अँड टुब्रोने परवान्याखाली भारतात बनवल्याने 'पोकलेन' हा शब्द असा रुजला की फ्रान्समध्ये उत्खनन यंत्रांवरून ते नाव पुसले गेले तरी कोकणच्या घाटात ते जिवंत आहे.

१९/
या यंत्रांत सीलचे जगणे कठीण झाले. विमानात स्वच्छता असते. खाणीत चिखल, दगडाची भुकटी, हादरे. एकट्या ओ-रिंगला ते पेलवेना. मग कामे वाटली गेली : बाहेरची धूळ खरवडणारे वायपर, तेल अडवणारे मुख्य सील, दाबाचा पहिला तडाखा झेलणारे त्यामागचे सील, दांडा मध्यभागी धरणारी मार्गदर्शक कडी, आणि मऊ कडी फटीत घुसू नये म्हणून तिच्या पाठीशी कडक आधारकडी. साहित्यही वाढले. १९३७ मध्ये ओटो बायरने शोधलेले पॉलियुरेथेन झिजेला चिवट निघाले. १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला अपघाताने सापडलेले पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन, घर्षणाला जवळजवळ थारा देत नव्हते. निवड करण्याची वेळ इथून खऱ्या अर्थाने आली, आणि निवड चुकण्याचीही.

२०/
८ ऑगस्ट १९५६. बेल्जियममधील मार्सिनेल, ब्वा द्यु काझिए ही कोळशाची खाण. सकाळी आठच्या सुमारास ९७५ मीटर खोलीवर पाळण्यात कोळशाची गाडी चढवताना गोंधळ झाला. गाडी अर्धवट बाहेर असतानाच पाळणा वर निघाला. बाहेर आलेला भाग तुळईवर आदळला. त्या तडाख्यात दाबाखालील तेलाची नळी, विजेच्या तारा आणि दाबलेल्या हवेचा नळ एकदमच तुटले. तेलाचा फवारा, विजेची ठिणगी आणि भरपूर हवा. आग भडकली. खाली २७५ माणसे होती. २६२ मेली. त्यांतली १३६ इटलीतून पोटासाठी आलेली होती.

२१/
त्या दुर्घटनेत सीलचा दोष नव्हता. परंतु तिच्यानंतर युरोपच्या कोळसा-पोलाद समुदायाने खाण-सुरक्षा आयोग नेमला, आणि खाणीत खनिज तेलाऐवजी सहजी न पेटणारे द्रव वापरावेत यासाठी चाचण्या आखल्या. त्यांचे अहवाल 'लक्झेंबर्ग अहवाल' म्हणून ओळखले जातात. पुढे अशा द्रवांचे वर्ग ठरले : बहुतांश पाणी असलेला एचएफए, तेलात पाण्याचे थेंब असलेला एचएफबी, पाणी आणि ग्लायकॉल मिळून एचएफसी, आणि पाणी नसलेले एचएफडी, ज्यात फॉस्फेट एस्टर प्रमुख.

२२/
आणि मग सीलवाल्यांच्या लक्षात आले की माणसे वाचवणारा द्रव कड्यांना मारतो. फॉस्फेट एस्टरमध्ये नायट्राइल रबर टिकत नाही; फुगते आणि विरघळल्यासारखे होते. तिथे फ्लोरोकार्बन रबर हवे. पाणी-ग्लायकॉलच्या मिश्रणात गरम पाणी पॉलियुरेथेनच्या अनेक प्रकारांची साखळी तोडते. चिवट म्हणून निवडलेली कडी काही काळात ठिसूळ होते. म्हणजे द्रव बदलला की सिलिंडर तेच, मापे तीच, खाचा त्याच, पण सारी सील नवी. 'मापाला बसते' आणि 'चालते' ही दोन वेगळी विधाने आहेत, हे इथे उघड झाले.

२३/
विमानांतही असाच धडा मिळाला होता. आग टाळण्यासाठी फॉस्फेट एस्टरचे द्रव आले आणि त्यांच्यासाठी ईपीडीएम जातीचे रबर निवडले गेले. गंमत अशी, की हेच ईपीडीएम खनिज तेलात टाकले तर बेसुमार फुगते. नायट्राइलची कडी काळी, ईपीडीएमची काळी, पुष्कळदा फ्लोरोकार्बनचीही काळी. टेबलावर शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. मूळ कंपनीची असो वा बदली, पुडी फाडून कडी सुटी केली आणि चिठ्ठी हरवली की ती कडी अनाथ होते.

२४/
फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने या गोंधळावर रंगाने उपाय केला. तिची डीएस ही मोटार १९५५ पासून द्रवदाबावर तरंगत असे आणि तिच्यात कृत्रिम लाल द्रव घालत. तो हवेतली ओल शोषून भाग गंजवी. १९६६ मध्ये कंपनीने हिरवे खनिज तेल आणले. दोन द्रवांची सील परस्परांना घातक असल्याने नव्या यंत्रणेचे भागही हिरवे रंगवले. लाल मोटारीत हिरवे तेल ओतणाऱ्याचे पुढे काय होई, ते जुन्या मोटारींच्या शौकिनांना विचारावे.

२५/
तांत्रिक अडचण एकीकडे, कायद्याची दुसरीकडे. दुसऱ्याच्या यंत्राचा सुटा भाग बनवण्याचा अधिकार तरी आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६१ मध्ये मोटारीच्या घडीच्या छताचे प्रकरण आले. छताच्या रचनेवर पेटंट होते. फाटलेले कापड बदलण्यासाठी दुसरी कंपनी तयार कापड विकत होती. न्यायालयाने सांगितले, झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती आहे, यंत्राची नव्याने निर्मिती नव्हे. १९८६ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ब्रिटिश लेलंड आणि आर्मस्ट्राँग यांच्यातील धूरनळ्यांच्या वादात मोटारमालकाचा दुरुस्तीचा हक्क उचलून धरला. दोन्ही निकालांत सीलचा उल्लेख नाही, पण बदली सुट्या भागांचा व्यापार ज्या जमिनीवर उभा आहे ती हीच.

२६/
त्याच १९८६ च्या जानेवारीत जगातील सर्वांत कुप्रसिद्ध कडी निकामी झाली. चॅलेंजर यानाच्या घन इंधनाच्या अग्निबाणात, सुमारे बारा फूट व्यासाच्या सांध्यांत फ्लोरोकार्बन रबराच्या ओ-रिंग होत्या. अग्निबाण मॉर्टन थायोकोलचे. पॅट्रिकच्या दुर्गंधी रबरातून जन्मलेली ही तीच कंपनी. ते रबर घन इंधन बांधून ठेवायला उपयोगी पडले आणि रबरवाले अग्निबाणवाले झाले. आदल्या संध्याकाळी कंपनीच्या अभियंत्यांनी, त्यांत रॉजर बोइजोली अग्रभागी होते, सांगितले की १२ अंश सेल्सियसखाली उड्डाण करू नये. थंडीत रबर सुस्त होते, सांधा उघडला की वेळेवर उसळून फट भरत नाही. व्यवस्थापनाने शिफारस फिरवली. २८ जानेवारीला सुमारे २ अंशांत यान उडाले आणि ७३ सेकंदांत सात जण गेले.

२७/
चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात येत नाही हे साऱ्या जगाला दाखवले. इथे कडी बनावट नव्हती, मापात चुकलेली नव्हती, स्वस्तातली तर नव्हतीच. उष्णतेला अजोड असलेले ते रबर थंडीला कच्चे होते, एवढेच. कॅटलॉगात तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात. वाचणारे बहुधा वरचाच वाचतात.

२८/
आता आपल्याकडे. महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात विंधनविहिरी आल्या तेव्हा त्यांवर एका कुटुंबापुरते बनवलेले ओतीव लोखंडाचे परदेशी धाटणीचे हातपंप बसवले गेले. सबंध गाव उपसायला लागल्यावर ते मोडत. जालन्यात मिशनच्या कार्यशाळेत पोलादी पंप घडला. सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराने त्याची आणखी सुधारित आवृत्ती काढली. या सोलापूर पंपाच्या पायावर युनिसेफच्या साह्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' उभा राहिला आणि देशभर पसरला.

२९/
त्या पंपाच्या पोटात, खोल पाण्याखाली, दट्ट्यावर चामड्याचे पेले होते; रूप थेट मॉडस्लेच्या कुळातले. ते झिजत आणि बदलायचे तर सबंध नळ वर ओढावा लागे. तेवढ्यासाठी गाडी आणि पथक येईपर्यंत गाव तहानलेले. १९८० च्या दशकात कोइंबतूर परिसरात झालेल्या चाचण्यांत चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे पेले घातले गेले. ते दीर्घकाळ टिकले आणि दुरुस्तीच्या फेऱ्या घटल्या. बायाबापड्यांच्या डोक्यावरच्या हंड्यांचा हिशेब अशा एका वाटीएवढ्या रबरावर येऊन ठेपला होता.

३०/
आजचा कारागीर पोकलेनचे सिलिंडर उघडतो तेव्हा हा सारा इतिहास त्याच्या टेबलावर पसरलेला असतो. जुन्या सीलवरून नव्याचे माप घेणे ही सर्रास होणारी चूक. जुने फुगलेले असते, झिजलेले असते, खाचेत चिरडून बदललेले असते. माप घ्यायचे ते खाचेचे : व्यास, रुंदी, खोली. यंत्र अमेरिकी वंशाचे असेल तर इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत होते. अर्धा मिलिमीटर जादा म्हणजे कडी ओरखडून बसते, अर्धा कमी म्हणजे पहिल्याच ओझ्याला गळते.

३१/
मग द्रव कोणता, हा प्रश्न. मग तापमान, दोन्ही टोकांचे. मग दाब, आणि त्याला साजेसा कडकपणा; ७० शोअरची मऊ कडी उच्च दाबाखाली फटीत घुसून कुरतडली जाते, तिथे ९० ची किंवा पाठीशी आधारकडी हवी. जुन्या सीलचे कलेवरही बोलते. काठ कुरतडलेला असेल तर फट वाढली आहे, मार्गदर्शक कडी संपली आहे. सबंध अंग कडक आणि भेगाळलेले असेल तर तेल तापले. कडेला जळके डाग असतील तर तेलात हवा होती. दाबाखाली बुडबुडा क्षणार्धात इतका तापतो की तेलाची वाफ पेट घेते. दांड्यावरच्या क्रोमला ओरखडा असेल तर जगातले सर्वोत्तम सीलही तिथे आठवडाभरात फाटेल, मग ते मूळ कंपनीच्या पेटीतले असो वा बाजारातले.

३२/
बदली सील वाईट असतात, हा समज यातून टिकत नाही. पुष्कळ यंत्रकंपन्या स्वतः सील बनवतच नाहीत. सीलवाल्या कारखान्यांकडून घेऊन आपल्या पेटीत घालतात. उलट, प्रत्येक बदली सील चांगले हाही भ्रमच. ज्या पुडीवर साहित्याचे नाव, कडकपणा, उत्पादनाची तारीख आणि तुकडीचा क्रमांक नाही, ती कितीही स्वस्त असली तरी महाग. सिलिंडर पुन्हा उघडण्याची मजुरी, सांडलेले तेल आणि उभे राहिलेले यंत्र यांपुढे पुडीची किंमत नगण्य असते. शिवाय उचललेल्या भुजेखाली बहुधा कोणीतरी उभे असते.

३३/
पुडीतून निघणारे मुख्य सील पाहावे. निळसर किंवा पिवळसर पॉलियुरेथेनचे कडे, छेद यू अक्षराचा, दोन ओठ, मध्ये पोकळी. ब्रामाच्या कार्यशाळेतल्या चामड्यात आणि यात आकाराचा फरक शोधूनही फारसा सापडत नाही. बसवताना पोकळीचे तोंड आजही दाबाकडेच हवे. उलटे बसले तर तेल ओठांना उघडण्याऐवजी मिटवते आणि पहिल्या फेरीतच दांडा ओला होतो. म्हणून जाणते मेस्त्री जुने सील उपसण्यापूर्वी ओठ कोणत्या बाजूला होते ते सिलिंडरवर खडूने बाण काढून ठेवतात.